आधी कोण उठलं

“परत एकदा,” मी म्हणालो, आणि सभापतींनी नुकतंच लावलेलं गुलमोहराचं रोप मुळासकट उपटून माझ्यासाठी पुन्हा खड्ड्यात ठेवलं.

आमच्या धंद्यात या दोन शब्दांना मंत्राची ताकद आहे. जिल्ह्याच्या गावात प्रत्येक गोष्ट दोनदा घडते, एकदा खरी आणि एकदा पेपरच्या फोटोग्राफरसाठी. कापलेल्या फितीला गाठ मारून ती परत कापतात. फुटलेल्या नारळाची शकलं जुळवून धरतात. बक्षीस घेऊन जागेवर जाऊन बसलेल्या पोराला परत बोलावतात, त्याच्या हातातला कप काढून घेतात आणि टाळ्यांच्या गजरात पुन्हा त्यालाच देतात. माझ्या ‘परत एकदा’ला कुणी नाही म्हटल्याचं मला आठवत नव्हतं. म्हणूनच तांबेवाडीत मी तोंडावर आपटलो.

त्या दिवशी सकाळी ऑफिसात जंगमसाहेबांनी, म्हणजे आमच्या संपादकांनी, माझी आधीच हजेरी घेतली होती. माझे आठवड्याचे फोटो टेबलावर पसरून ते एखाद्या आजारी माणसाकडे बघावं तसे त्यांच्याकडे बघत होते.

“शिंगटे, ही सगळी माणसं हसतायत कोणाकडे?”

“कॅमेऱ्याकडे, साहेब.”

“तेच तर. तुमच्या फोटोत माणसं फोटो काढून घेतात, दुसरं काहीच करत नाहीत. मला असा एक फोटो आणा, ज्यात कोणाला पत्ताच नाही की फोटो निघतोय. पहिल्या पानावर चार कॉलम देतो.”

पहिल्या पानावर माझा फोटो आजवर एकदाच आला होता, कृष्णेला पूर आला तेव्हा. त्यात माणूस नव्हता, नुसतं पाणी होतं. मी मान डोलावली, बॅग पाठीला लावली आणि विंचवासारखं बिऱ्हाड घेऊन मोटरसायकलवर बाहेर पडलो. पंचायत समितीचं वृक्षारोपण उरकलं, एका पतसंस्थेच्या नव्या कपाटाचं उद्घाटन उरकलं, आणि जूनच्या सुरुवातीच्या उन्हात तांबेवाडीचा रस्ता धरला.

तंटामुक्त गाव मोहिमेची धामधूम होती ते दिवस. गावातली भांडणं गावानेच मिटवायची, आणि चांगलं काम करणाऱ्या गावाला सरकारकडून बक्षीस मिळायचं. गावोगाव समित्या झाल्या होत्या. भांडण मिटलं की त्याचा पेपरात फोटो आला पाहिजे, असा समित्यांचा हट्ट असायचा. पेपरात आलेलं भांडण जास्त मिटलेलं दिसतं.

तांबेवाडीच्या समितीचे अध्यक्ष जोतीराम घाडगे मला पारापाशी घ्यायला आले. पांढरं धोतर, कडक टोपी, आणि चेहरा असा की घरात लग्न आहे आणि आचारी अजून आलेला नाही.

“बांधाची भांडणं मिटवली, पाण्याची मिटवली, सासू-सुनांची सुदिक मिटवली,” ते चालता चालता सांगू लागले. “ह्ये एकच राहिलंय. पर ह्या एकानं गावाचं कान किटलं.”

“एवढं काय भांडण आहे?”

“बँडचं हाय.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. ऐवळ्यांचा ‘प्रभात ब्रास बँड’ पंचक्रोशीत नावाजलेला. म्हाताऱ्या ऐवळ्यांनी उभा केलेला. त्यांच्या मागे थोरला मुलगा सर्जेराव बँडचा मास्तर झाला. तो क्लॅरिनेट वाजवायचा. धाकटा हिंदुराव ट्रंपेट वाजवायचा, आणि लोक ऐकायला थांबायचे ते ट्रंपेटला. एकदा भर वरातीत नवरदेवाच्या मित्रांनी हिंदुरावाला एक सिनेमाचं गाणं वाजवायला सांगितलं. मास्तराने खूण केलेली नसताना त्याने ते सुरू केलं. सर्जेरावाने तिथल्या तिथे हात वर करून बँड थांबवला. रस्त्यातच दोघांची जुंपली, आणि नवरदेव घोड्यावर बसून मुकाट्याने, बिनवाजंत्रीचा, मांडवात पोचला. दुसऱ्या दिवसापासून गावात दोन बँड झाले, ‘प्रभात’ आणि ‘न्यू प्रभात’. एकाच आळीत, समोरासमोर. रोज संध्याकाळी दोन्ही बँड एकाच वेळी सरावाला बसायचे, आणि दुसऱ्याचं ऐकू येऊ नये म्हणून आणखी जोरात वाजवायचे.

“सांच्याला बातम्या ऐकाय शेजारच्या गावात जावं लागतंय,” घाडगे म्हणाले. “म्हशींनी दूध कमी केलंय. हसू नका, डेअरीत इचारा.”

शाळेपुढच्या मैदानात मांडव घातला होता. एका बाजूला लाल डगले घातलेला प्रभात बँड, दुसऱ्या बाजूला निळ्या डगल्यांतला न्यू प्रभात. दोन्ही मंडळी वाद्यं मांडीवर घेऊन, एकमेकांकडे न बघता बसली होती. मी उजेड कुठून येतोय ते बघत होतो, तेवढ्यात एक मुलगी चहाचा पेला घेऊन आली. पंचविशीच्या आतली, ठसठशीत, डोळ्यांत झोप नसलेली.

“फोटोवाले काका, फोटो नीट काढा हां,” ती म्हणाली. “मी सारिका. सर्जेरावांची मुलगी. रविवारी माझं लग्न हाय.”

“अरे वा. मग आज दुहेरी आनंद.”

“कसला आनंद. अण्णा म्हणतात, हिंदुकाका मांडवात आला तर मी मांडवातनं उठून जाईन. काका म्हणतो, मी रविवारी कऱ्हाडची सुपारी घेतलीय, माझा बँड तिकडं वाजणार. मला ताशा धरायला काकानं शिकवलं. त्यांना मूलबाळ न्हाई. शालनकाकीच्या मांडीवर मी वाढले. आता ह्यातला एक जण मांडवात नसंल तर मी अक्षता कशी पडू देऊ?”

“हे त्यांना सांगितलंस?”

“सांगितलं की. दोघंबी म्हणतात, त्याला सांग.” तिने पदराने तोंड पुसलं. “आज पंचांपुढं मिठी मारतील, गावाच्या भिडंनं. पर उद्या परत बिनसलं म्हंजे? म्हणून म्हणते, फोटो पायजे. पेपरात एकदा आलं की माणसाला मागं फिरायची लाज वाटती. सगळ्या पावण्यारावळ्यांत पेपर जातो.”

इतक्या वर्षांत माझ्या फोटोचा असा उपयोग मला कोणी सांगितला नव्हता. मला उगाचच ताठ झाल्यासारखं वाटलं. “तू काळजी करू नकोस,” मी म्हणालो. “फोटो मिळणार म्हणजे मिळणार.” बोलायला माझं काय जात होतं.

कार्यक्रम सुरू झाला. स्टेजवर मधोमध माईक घेऊन घाडगे. त्यांच्या एका हाताला सर्जेराव, दुसऱ्या हाताला हिंदुराव, दोघांची तोंडं गावाकडे. दोघांचेही ओठ इतके घट्ट मिटलेले, की वाजवायला वाद्य नाही म्हणून हवाच धरून ठेवली असावी. प्रत्येकाच्या खुर्चीमागे त्याची बायको उभी. सर्जेरावामागे कलावतीबाई, हिंदुरावामागे शालनबाई, दोघींच्या डोक्यावरून पदर कपाळापर्यंत. मागे समितीचं नाव लिहिलेलं कापड फडफडत होतं. मधे घाडग्यांचा चांगला ऐसपैस देह आणि डोळ्यांच्या कडेला पदर, त्यामुळे दोघींना एकमेकी दिसण्याचा प्रश्न नव्हता. मला पाहुणा म्हणून स्टेजच्या कडेला, सगळ्यांच्या जरा मागे खुर्ची दिली होती. तिथून फोटो काढणं शक्य नव्हतं. वेळ आली की पुढे जायचं असं मी ठरवलं होतं.

पण आपल्याकडे पाहुण्याला असा सुखासुखी कोणी सोडत नाही. घाडग्यांनी जाहीर केलं, “आधी पत्रकारसाहेबांचा सत्कार.” माझ्या हातात नारळ आला, खांद्यावर शाल आली, आणि एक म्हातारबाबा मागून गुलाबी फेट्याचं भलंमोठं कापड घेऊन आले.

“नको हो,” मी म्हणालो, “मला फोटो काढायचाय.”

“फेटा नको म्हणू नये, साहेब. हलू नका, पीळ सुटंल.”

फेटा बांधणाऱ्याच्या हाती डोकं दिलं की माणूस पराधीन होतो. म्हातारबाबा हाडाचे कलाकार होते. एक वेढा द्यायचे, मागे सरकून बघायचे, नाक मुरडायचे आणि परत सोडायचे. माझ्या डोळ्यांवर गुलाबी कापड. तिकडे घाडग्यांचं भाषण रंगात आलेलं. “सख्ख्या भावांचं वैर कशाला? आपलंच दात, आपलंच ओठ. बापानं काय दोन बँड काढलं हुतं? ह्या लेकीच्या डोळ्याकडं बघा तुमी दोघं...” आणि मग ते गप्प झाले. सगळा मांडव गप्प झाला. खुर्च्या सरकल्याचा आवाज आला.

मला कळलं की हाच तो क्षण. मी म्हणालो, “आजोबा, सोडा.” आजोबा म्हणाले, “झालंच.” कॅमेरा माझ्या पोटावर लोंबत होता. बोट सवयीने बटणावर गेलं आणि मी आंधळ्यासारखं दाबलं. पुढच्या क्षणी टाळ्यांचा कडकडाट झाला, शिट्ट्या झाल्या, आणि आजोबांनी तुऱ्याला शेवटची फुंकर घालून माझे डोळे मोकळे केले.

तोवर दोघं भाऊ मिठी मारून, डोळे पुसून आपापल्या खुर्चीवर परत बसलेसुद्धा होते.

मी डगमगलो नाही. पुढे गेलो, गुडघा टेकला, कॅमेरा डोळ्याला लावला आणि म्हणालो, “छान. परत एकदा.”

“परत?” सर्जेराव म्हणाले.

“फोटोसाठी हो. मघासारखी मिठी.”

सर्जेरावांनी नाक ओढलं आणि मोठ्या मनाने मान हलवली. “बरं. हिंदू, ये मग. मगाशी आलास तसा.”

“मी आलो?” हिंदुराव म्हणाले. “मगाशी तू आलास. मी आपला उठलो, तू आलास म्हणून.”

“मी कशाला येतोय? थोरला हाय मी. तू उठलास, ते बघून मी उठलो.”

“दादा, खोटं बोलू नगस, लेकीच्या लग्नाच्या तोंडावर.”

“खोटं कोण बोलतंय?”

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, म्हणतात ते हेच. पहिल्या वेळी दोघांनी काही ठरवलं नव्हतं, म्हणून झालं. दुसऱ्यांदा करायचं म्हटल्यावर पहिल्यांदा कसं केलं याचा हिशेब निघाला. आणि भांडणात आधी उठतो तो नमतो, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. लाल डगलेवाले म्हणाले, हिंदुराव आधी उठले, आम्ही डोळ्यांनी पाहिलं. निळे डगलेवाले म्हणाले, तुमचे डोळे कुठं गहाण पडले होते, सर्जेराव आधी उठले. पंचांपैकी निम्मे इकडे, निम्मे तिकडे. घाडगे माईकमध्ये “शांतता, शांतता” म्हणत होते आणि माईक नुसता कुं कुं करत होता. मी सारिकाकडे बघितलं. ती बायकांच्या घोळक्यात उभी होती आणि तिचा चेहरा उतरत चालला होता. तिच्या लग्नाचा खेळखंडोबा मी दोन शब्दांत करून ठेवला होता.

तेवढ्यात निळ्या डगल्यातला कोणीतरी शहाणा म्हणाला, “भांडताय कशाला? ह्या नव्या कॅमेऱ्यात मागच्या काचंत फोटू दिसतोय. फोटोवाल्यांनी फोटू काढलाच असंल की.”

“बरोबर,” सर्जेराव म्हणाले. “बघू दे फोटू. दूध का दूध.”

“बघू दे,” हिंदुराव म्हणाले.

मी जरा बाजूला, समितीच्या कापडाच्या सावलीत गेलो. त्या आंधळ्या दाबण्यातून काय आलं असणार, माझ्या शर्टाचं बटण नाहीतर आजोबांचा अंगठा, अशा समजुतीने मी काच डोळ्यांशी नेली. आणि बघतच राहिलो.

फोटो जरा तिरका आला होता, पण लख्ख. अलीकडे हिंदुरावांची पाठ, पलीकडे सर्जेरावांची, दोघंही खुर्चीतून अर्धवट उठलेले, एकाच उंचीवर, तोल सांभाळत. मधे आ वासलेले घाडगे. आणि हिंदुरावांच्या पाठीच्या मधोमध हिरव्या बांगड्यांचा एक हात पुरा टेकलेला, शालनबाईंचा. पलीकडे सर्जेरावांच्या पाठीला कलावतीबाईंचे दोन्ही हात, कोपरातून वाकलेले, सगळं बळ लावून. दोघींच्या तोंडांवर मात्र काही नाही. पदराखाली दोघी देवळात उभ्या राहाव्यात तशा समोर बघतायत. समोरून गावाला फक्त दोन भाऊ उठताना दिसले होते. त्यांना उठवलं कोणी, ते मागून दिसत होतं, आणि मागे फेट्यात गुंतलेले आजोबा सोडले तर फक्त माझा कॅमेरा होता.

मी खरं सांगतो, जंगमसाहेब म्हणत होते तो फोटो हाच. एकालाही पत्ता नाही की फोटो निघतोय. पहिलं पान, चार कॉलम. राज्याच्या स्पर्धेत पाठवला असता तर बक्षीस घेऊन आला असता. असा फोटो फोटोग्राफरच्या आयुष्यात एकदाच येतो, आणि काहींच्या येतच नाही.

मी मान वर केली. शालनबाई माझ्याकडेच बघत होत्या. त्यांनी पदराआडून हळूच, अगदी जराशी, नाही म्हणून मान हलवली. मी दुसऱ्या बाजूला पाहिलं. कलावतीबाईंनी हात पदराखाली लपवले होते आणि त्यांच्या डोळ्यांत सरळ सरळ गयावया होती. दोघींचं म्हणणं एकच होतं आणि ते खरंही होतं. आधी कोण उठलं यावर भांडणारे हे दोन वीर, बायकोने ढकललं म्हणून उठले हे गावाला कळलं असतं, तर त्यांनी जन्मात एकमेकांचं तोंड बघितलं नसतं. आपापल्या बायकोचंही बघितलं नसतं.

“काय दिसतंय वो?” सर्जेरावांनी हात पुढे केला. “आना हिकडं.”

मी कचऱ्याच्या डब्याचं चिन्ह दाबलं. कॅमेऱ्याने इंग्रजीत विचारलं, नक्की पुसायचा का. हा प्रश्न त्याने मला पूर्वीही शेकडो वेळा विचारला होता, पण उत्तर द्यायला मला कधी इतका वेळ लागला नव्हता. मी हो म्हणालो. काच काळी झाली. माझं पहिलं पान गेलं.

“काहीच नाही आलं,” मी चेहऱ्यावरून ताकास तूर लागू न देता म्हणालो. “फोटो नाहीच निघाला. डोळ्यांवर फेटा होता माझ्या. मी काही बघितलंच नाही.”

मांडव असा काही हसला, की आजोबासुद्धा माझा तुरा सरळ करता करता हसू लागले.

“म्हंजे एवढं पेट्रोल जाळून आलासा,” हिंदुराव म्हणाले, “आन् काय बघितलंच न्हाई?”

“नाही बघितलं.”

“पेपरवाल्यांचं असंच असतंय,” सर्जेराव म्हणाले. त्या दिवसात दोघा भावांचं एकमत झालेली ती पहिली गोष्ट.

पण हसून हसून गाव थांबलं, तरी दोघं खुर्च्यांना चिकटलेलेच. पुरावा नाही म्हटल्यावर दोघांनाही आणखी जोर चढला. सर्जेराव म्हणाले, “आता मी परत उठत न्हाई. त्यानं यावं.” हिंदुराव म्हणाले, “मी एकदा उठलेला मानूस हाय. आता मेलो तरी आधी उठायचा न्हाई.” दोघींनी मागून पुन्हा काही करायचं म्हटलं, तरी आता सगळ्या गावाचे डोळे तिकडेच होते. घाडगे खाली बसले आणि त्यांनी टोपी काढून वारा घ्यायला सुरुवात केली.

सारिका घोळक्यातून बाहेर आली. मला वाटलं, ही आता रडणार किंवा बापाच्या पाया पडणार. ती स्टेजकडे आलीच नाही. निळ्या डगल्यांकडे गेली, ताशेवाल्याच्या मांडीवरचा ताशा उचलून तिने गळ्यात अडकवला आणि काड्या हातात घेतल्या. लाल आणि निळे दोन्ही डगलेवाले तिच्याकडे बघू लागले.

तिने ताशाच्या कडेवर काडी मारली. टक, टक, टक, टक.

बँडवाल्यांची एक गोष्ट मला तोवर माहीत नव्हती. मास्तराच्या या चार टक्यांवर बँड सुरू होतो. त्या वेळी बँडवाला बसलेला असेल तर उभा राहतो, तपकीर ओढत असेल तर टाकून देतो, शेजाऱ्याशी भांडत असेल तर शिवी अर्धी सोडतो. तिथे विचार करायला जागाच नसते. म्हाताऱ्या ऐवळ्यांनी या दोन पोरांच्या अंगात ते चार टके मिसरूड फुटायच्या आधी मुरवलेले होते.

चौथ्या टक्याला सर्जेराव आणि हिंदुराव एकाच झटक्यात ताठ उभे राहिले. त्यांच्याबरोबर लाल डगले उठले, निळे डगले उठले, आणि दोन्ही बँडांनी म्हाताऱ्याने बसवलेली सलामीची धून एकदमच सुरू केली. कोणी कोणाच्या वर आवाज काढत नव्हतं. तेवढं एक ठिकाण रिकामं होतं, जिथे क्लॅरिनेट आणि ट्रंपेट यायला हवे होते. दोन्ही वाजवणारे स्टेजवर रिकाम्या हातांनी उभे होते आणि त्यांची बोटं मात्र मांडीवर आपापले सूर दाबत होती.

सारिकाने हात थांबवला. बँड थांबले.

“आता सांगा,” ती म्हणाली. ती हसत होती. “आधी कोण उठलं?”

दोघा भावांनी एकमेकांकडे बघितलं, मग स्वतःच्या पायांकडे बघितलं, जसे काही ते पाय परके होते.

“दादा,” हिंदुराव म्हणाले, “तुझी लेक आपल्या दोघांच्या वर निघाली.”

“माझी कसली,” सर्जेराव म्हणाले. “काड्या तूच दिल्यास तिच्या हातात.”

आणि त्यांनी मिठी मारली. ती पहिल्यापेक्षा चांगली होती की नव्हती, मला माहीत नाही, कारण पहिली मी बघितलीच नव्हती. पण सर्जेरावांचे खांदे हलत होते आणि हिंदुराव लहान पोरासारखे त्यांच्या पाठीवर थोपटत होते, आणि माझ्याही डोळ्यांत पाणी आलं हे मी लपवत नाही. या वेळी फेटा जाग्यावर होता. मी दाबत सुटलो.

जंगमसाहेबांनी तो फोटो बघून जांभई दिली. मिठी मारलेल्या भावांच्या मधून घाडगे टोपी सरळ करत कॅमेऱ्याकडे बघून हसत होते. फोटो पाचव्या पानावर दोन कॉलम आला. तांबेवाडीत त्या दिवशी पेपर कमी पडला, आणि सारिका म्हणाली होती तसं, नंतर कोणी मागं फिरलं नाही. हिंदुरावांनी कऱ्हाडची सुपारी दुसऱ्या बँडला देऊन टाकली.

रविवारी मी लग्नाला गेलो. कामावर नव्हतो, आमंत्रण होतं. लाल आणि निळे डगले मिसळून उभे होते, आणि अक्षता पडल्यावर क्लॅरिनेट आणि ट्रंपेट असे काही एकमेकांत गुंफून वाजले, की पंगतीत बसलेली माणसं घास हातात धरून ऐकत राहिली. गावातल्या म्हशींचं दूध वाढलं की नाही, याची चौकशी मी केली नाही.

मीही पंगतीत बसलो. कलावतीबाई जिलबी वाढत आल्या. माझ्या पानापुढे वाकल्या आणि आवाज अगदी खाली आणून म्हणाल्या, “फोटूत माझं हात आलं हुतं न्हवं?”

“आले होते.”

“पुसलासा?”

“पुसला.”

“लई उपकार झालं.” त्यांनी एक जिलबी जास्तीची टाकली. “माझा मालक माझ्यामुळं आधी उठला, म्हणून सगळं जमलं. पर एक ऐका. आमच्या शालनला ह्यातलं कवा कळू देऊ नका. गुणाची हाय, पर बिचारीला नवऱ्याला काय उठवता आलं न्हाई. तिच्या मनाला लागंल.”

त्या पुढे सरकल्या. मी जिलबीचा तुकडा मोडतोय तोवर पंगतीच्या दुसऱ्या टोकाकडून शालनबाई मठ्ठ्याची कळशी घेऊन आल्या. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि माझ्या पेल्यावर वाकल्या.

“भाऊ, तुमी माझी लाज राखलीसा. माझा हात दिसला असता तर आमच्या मालकांनी घर डोक्यावर घेतलं असतं. त्यांना मीच उठवलं बगा, म्हणून थोरलं दीर उठलं.” मठ्ठा पेल्याच्या काठापर्यंत आला. “पर आमच्या जाऊबाईंना सांगू नका. मोठ्या हायती, आईसारख्या हायती. त्यांना वाटंल, जे आपल्याला जमलं न्हाई ते धाकटीनं केलं. उगा त्यांचं मन दुखंल.”

“नाही सांगणार,” मी म्हणालो.

आता मी निवृत्त झालोय. प्रभात बँड मात्र चालू आहे, एकच, आणि लग्नसराईत कधी कुठल्या मांडवात आमची गाठ पडते. दोघी जावा बँडबरोबर येतात, मांडवाच्या कडेला शेजारी शेजारी बसतात, एकीच्या चंचीतलं पान दुसरी खाते. मी दिसलो की कलावतीबाई शालनबाईंच्या डोक्यावरून माझ्याकडे बघून हळूच हसतात. त्यांची मान वळली की शालनबाई हसतात. मी दोघींनाही मान डोलावतो.